चेहऱ्यावर जळू लावताना: मुरूम, वांग, चाई आणि मागे राहणारे डाग

मिरज_क्लिनिक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. क्लिनिकमध्ये जलौकावचरण (जळू लावून रक्त काढणं) नियमित होतं, पण सगळं पायाचं: फुगलेल्या शिरा, घोट्याजवळचा जुनाट इसब, न भरणारा व्रण. हल्ली चेहऱ्यासाठी आणि डोक्यासाठी विचारणा फार वाढलीय. काहींना गालावर आणि जबड्याच्या कडेला मोठे, दुखरे मुरूम असतात, काहींना वांग, काहींना डोळ्यांखालची काळी वर्तुळं, काहींना चाई. शिवाय लग्न तोंडावर आलंय म्हणून नुसता 'ग्लो' मागणारेही येतात.

पायावर एखादा डाग राहिला तर कुणी बोलत नाही, चेहऱ्यावर राहिला तर रुग्ण आयुष्यभर विसरत नाही. म्हणून अनुभवी लोकांना विचारतोय. यातल्या कुणाला जळू लावावी आणि कुणाला सरळ नाही म्हणावं? चेहऱ्यावर एका वेळी किती लावता, केवढ्या आकाराच्या, आणि डोळ्याकडे, नाकाकडे सरकू नये म्हणून काय करता? दंशाची तीन फाट्यांची खूण किती दिवस राहते, ती काळी पडू नये म्हणून काय उपाय? आणि वापरलेली जळू ओकवून त्याच रुग्णाला पुन्हा लावायची की नष्ट करायची? सुश्रुतसंहितेतला जळूवरचा जलौकावचारणीय अध्याय पाठ आहे, रोजच्या कामातलं सांगा.

शल्यतंत्र_पुणे

आधी रुग्णाची निवड, कारण ती चुकली की पुढचं कौशल्य वाया जातं. वातदुष्ट रक्ताला शृंग (शिंग), पित्तदुष्टाला जळू, कफदुष्टाला अलाबू (भोपळ्याची तुंबडी) हा भेद चेहऱ्यावर अगदी तंतोतंत उपयोगी पडतो. जिथे ठणका, लाली, उष्ण स्पर्श आणि ताणलेली सूज आहे तिथेच जळू. खोल, दुखऱ्या, तांबड्या मुरुमाचा ताण एका बैठकीत उतरताना दिसतो. बारीक पुरळ, काळ्या-पांढऱ्या टोकाचे मुरूम यांना जळू लावून काहीच साधत नाही, छिद्रात घट्ट बसलेला मेद ती ओढून काढत नाही. पू होऊन मऊ पडलेल्या गाठीवरही लावू नका, तिथे निचरा हवा. 'ग्लो'साठी जळू मागणाऱ्याला मी नाहीच म्हणेन. नुसत्या चमकेसाठी निरोगी त्वचेला जखम करून रक्त काढणं मला योग्य वाटत नाही.

लावण्याआधीच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्तस्राव आणि रक्त गोठण्याचा काळ, पीटी-आयएनआर, साखर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर चेहऱ्यासारख्या न निकडीच्या कामाला हात लावू नका. गर्भिणी, हिमोफिलिया, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला रुग्ण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारा, अनियंत्रित मधुमेही, हे सगळे बाद. 'गोळ्या चालू आहेत का' एवढं विचारून भागत नाही, लोक नाही म्हणतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन ही नावं घेऊन विचारा, माशाच्या तेलाच्या कॅप्सूलसुद्धा विचारा.

चेहऱ्यासाठी जळू लहान घ्या, निवांत पडलेली असताना ३-४ सेंमी भरेल अशी. आपल्याकडे मिळणारी हिरुडिनेरिया ग्रॅन्युलोसा पूर्ण वाढली की बरीच मोठी होते आणि तिचा दंशही मोठा असतो, ती पायालाच ठीक. पाठ मुगासारखी हिरवट, दोन्ही कडांना मनशिळेसारखा नारिंगी पट्टा, स्पर्श केला की लगेच आकसणारी आणि पाण्यात नागमोडी पोहणारी, अशी निवडा. सुश्रुताने कपिला नावाच्या जळूचं वर्णन नेमकं याच रंगांत केलंय. तळाशी लोळागोळा होऊन पडलेली, मध्येच गाठ आल्यासारखी किंवा अंगावर पांढुरका चिकटा सुटलेली जळू घेऊ नका.

एका बैठकीत चेहऱ्यावर एक किंवा फार तर दोन. दोन बैठकांत किमान आठवडा. तीन बैठकांत फरक नसेल तर थांबा. वेळ सकाळची ठेवा, म्हणजे रक्त झिरपायचं ते रुग्ण जागा असतानाच झिरपून जातं.

आता प्रत्यक्ष कृती. रुग्णाने आदल्या दिवसापासून चेहऱ्याला क्रीम, अत्तर, सुगंधी साबण लावायचा नाही. उपाशीपोटी आणायचा नाही, घेरी येते. आडवं झोपवा, डोकं थोडं उंच. त्वचा साध्या पाण्याने किंवा सलाइनने पुसून कोरडी करा. स्पिरिट अजिबात नको, स्पिरिटचा वास राहिला की जळू तोंड फिरवते. जळू हळद-मोहरीच्या कल्काच्या पातळ पाण्यात काही क्षण सोडा, ती चपळ झाली की दोन वेळा स्वच्छ पाण्यात धुवा. हळदीचा अंश अंगावर राहिला तर ती चावत नाही, ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

सरकण्यावर साधा उपाय: २ किंवा ५ मिलि सिरिंजचा दट्ट्या काढा, सुईकडचा भाग कापून टाका, कापलेली कड त्वचेकडे येणार नाही असं बघा. जळू नळीत सोडा, तिचं निमुळतं टोक खाली. रुंद टोक म्हणजे मागचा चूषक, त्याने ती फक्त धरून राहते. नळीचं गुळगुळीत तोंड मुरुमाच्या कडेला टेकवून ठेवा, ऐन शिखरावर नाही. चिकटली की नळी अलगद वर काढा. भोवती गॉजची चौकट, मध्ये सेंटिमीटरभराची खिडकी. त्या बाजूच्या नाकपुडीत आणि कानात कापसाचा बोळा, डोळ्यावर ओलं पॅड. आणि माणूस शेजारून उठायचा नाही, तुम्ही किंवा सहायक.

घोड्याच्या खुरासारखं तोंड रोवून मान कमानीसारखी वर उचलली आणि मानेत लाटा दिसू लागल्या की ती पिते आहे. अंगावर ओला पातळ कपडा टाका, मधून मधून थेंब थेंब पाणी. २० ते ४५ मिनिटांत पोट भरलं की आपणच गळते. मध्येच खाज किंवा टोचल्यासारखं वाटू लागलं तर शुद्ध रक्त ओढतेय असं समजून काढा.

चिकटतच नसेल तर आधी कोमट ओल्या कपड्याने त्वचा शेका, गार चेहऱ्याला जळू धरत नाही. मग २६ नंबरच्या सुईने टोचून रक्ताचा एक थेंब काढा, किंवा दुधाचा थेंब लावा. तरी नाही तर जळू बदला. सिगारेट ओढणाऱ्यांच्या त्वचेला हा त्रास जास्त होतो.

त्वचाविकार_ठाणे

वरच्या कृतीबद्दल काही म्हणणं नाही. पण वांग आणि काळी वर्तुळं यांवर इथे कुणीच ठाम बोललं नाही, ते बोलायला हवं: दोन्हींवर जळू लावू नये.

वांग म्हणजे मेलॅनिनचा दोष. सूर्यप्रकाश, संप्रेरकं, घराण्यातला कल यांनी रंगपेशी चेतवल्या जातात. रंग बाह्यत्वचेत आणि तिच्याखाली बसलेला असतो, रक्तात तरंगत नसतो, म्हणून रक्त काढल्याने तो निघत नाही. उलट आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीला कुठलीही जखम किंवा दाह झाला की तिथे नवा काळेपणा येतो. वांग असलेल्या गालाच्या रंगपेशी आधीच उत्तेजित असतात. तिथे तीन फाट्यांची जखम करणं म्हणजे जुन्या डागावर नवा डाग काढणं, आणि तो उतरायला कित्येक महिने जातात.

डोळ्याखालची त्वचा शरीरात सगळ्यात पातळ आणि खालची ऊती सैल. जळूच्या लाळेतली हायल्युरोनिडेज ऊतींमधली सिमेंटसारखी चिकटण सैल करते, हिरुडिन गोठणं थांबवतं. परिणामी रक्त त्वचेखाली पसरतं, डोळा सुजून मिटतो, एक-दोन आठवडे निळा-जांभळा राहतो. त्या सांडलेल्या रक्तातलं लोह तिथेच साचलं की तपकिरी छटा उरते. ज्या काळेपणासाठी रुग्ण आला, तोच वाढवून पाठवायचा.

चाईबद्दल थोडं वेगळं. ती स्वप्रतिकारशक्तीने होते, आणि एक-दोन लहान चकत्या असतील तर पुष्कळांचे केस वर्षभरात काही न करताही परत येतात. म्हणून जळूने केस आले असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं. त्यातून लावायचीच असेल तर टाळू भळाभळा रक्त देते हे विसरू नका, एकच जळू, तीही चकतीच्या कडेला. तेल लावलेल्या डोक्याला ती चिकटणार नाही, दोन दिवस तेल बंद करा.

मुरुमांच्या रुग्णाला एक प्रश्न हमखास विचारा: आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल चालू आहे का? या औषधावर त्वचा कोरडी, नाजूक होते, जखम भरण्याचा भरवसा नसतो. चालू असेल तर जळू नको. मुरुमांसाठी जळूच्या मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्या झालेल्या नाहीत, ही गोष्ट रुग्णाला संमतिपत्रात मराठीत लिहून द्या. सूज उतरते हे खरं, पण मुरुमाचं मूळ म्हणजे जास्तीचा तेलस्राव, बंद छिद्रं, जिवाणू, संप्रेरकं. ते जळूने बदलत नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापॅलिन यांसारख्या मुरुमांवरच्या लेपांचा पाया सोडून फक्त जळवांवर रुग्णाला महिनोन्महिने ठेवणं मला पटत नाही.

केलॉइडचा (जखमेबाहेर वाढणाऱ्या जाड वणाचा) इतिहास बघायला खांदे, छाती, कानाच्या पाळ्या आणि बीसीजी लशीचा वण उघडून पाहा. जाड, उंच वण असेल तर चेहऱ्याला जळू पूर्ण वर्ज्य. जबड्याची कड ही केलॉइडची आवडती जागा, आणि नेमके मोठे मुरूम तिथेच येतात.

डाग काळा पडू नये म्हणून: खपली नखाने काढायची नाही, खपली असेपर्यंत पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. खपली पडल्यावर एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, दर तीन तासांनी, किमान तीन महिने. खाज दोन-चार दिवस असतेच, अँटिहिस्टामिन पुरतं. पण दंशाच्या जागी महिनाभर टिकणारी लालसर, टणक गाठ आली तर ती लाळेतल्या प्रथिनांवरची प्रतिक्रिया असू शकते, स्यूडोलिम्फोमा म्हणतात त्याला. ती आपली आपण जाईल म्हणून बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, गरज वाटली तर बायोप्सी. सगळं नीट पार पडलं तरी फिकट पांढरी त्रिकोणी खूण कायमची राहू शकते. हे लावण्याआधी सांगायचं.

प्लास्टिक_ओटी

जळूची सौंदर्याशी जोडलेली जी बाजू पुराव्यावर उभी आहे ती पार्लरची नाही, शस्त्रक्रियेची आहे. तुटलेला कान, नाकाचा शेंडा, ओठ किंवा बोट परत जोडलं, किंवा चेहऱ्यावर फ्लॅप (रक्तपुरवठ्यासकट उचललेला त्वचेचा तुकडा) फिरवून बसवला, की बऱ्याचदा धमनीतून रक्त आत येतं पण शिरेतून बाहेर पडत नाही. शीर पातळ, जोडायला अवघड. भाग जांभळा, फुगीर, उष्ण होतो, दाबलं तर रंग झटकन परत येतो, सुई टोचली तर काळपट रक्त लगेच वाहतं. इथे जळू शिरेचं काम करते, नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत. त्याला साधारण तीन ते सात दिवस लागतात. १९८५ मध्ये बोस्टनमध्ये एका लहान मुलाचा तुटलेला कान जोडल्यावर याच पद्धतीने वाचवला गेला आणि त्यानंतर रुग्णालयांनी जळू पुन्हा हाती घेतली. जून २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एका फ्रेंच कंपनीच्या जळवांना वैद्यकीय उपकरण म्हणून परवानगी दिली, तीसुद्धा याच कामासाठी. त्वचा उजळण्यासाठी नाही.

भाग पांढरा, गार आणि दाबल्यावर रंग न परतणारा असेल तर दोष धमनीचा आहे, जळू निरुपयोगी. तिला ते कळतंही: ती धरत नाही, किंवा धरून लगेच सोडते. तेव्हा जळू बदलत बसू नका, सर्जनला बोलवा.

आता संसर्ग. जळूच्या आतड्यात एरोमोनास जातीचे जिवाणू राहतात, ते तिला रक्त पचवायला मदत करतात. बाहेरून जळू कितीही धुतली तरी ते जात नाहीत. आमच्याकडे जळू लावतानाच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा को-ट्रायमोक्साझोल सुरू होतं आणि शेवटच्या जळूनंतरही काही काळ चालू राहतं. सिप्रोला दाद न देणारे एरोमोनासही आढळलेत, म्हणून स्राव आला तर कल्चर (जिवाणू वाढवून करायची तपासणी) पाठवायचंच. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह देऊन निश्चिंत राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की हे जिवाणू त्याला जुमानत नाहीत.

म्हणूनच वर 'काढा' लिहिलंय त्यावर एक आग्रहाची विनंती: चिकटलेल्या जळूच्या अंगावर मीठ, हळद, व्हिनेगर, काडीची धग यातलं काहीही नको. ती गळते हे खरं, पण गळण्याआधी पोटातलं जखमेत ओकते. ओढूनही काढू नका, जबड्याचे तुकडे आत राहतात. हातमोज्याचं बोट किंवा प्लास्टिकचं कार्ड त्वचेला सपाट धरून पुढच्या चूषकाच्या कडेखाली सरकवा, हवा आत गेली की पकड सुटते. मग मागचा चूषक. पाच सेकंदांचं काम आहे.

आणि मोजणी: किती लावल्या, किती परत आल्या, हे प्रत्येक वेळी कागदावर.

शल्यतंत्र_पुणे

मिठाचा मुद्दा मान्य, पण थोडी फोड करतो, कारण क्लिनिकमध्ये दोन पायऱ्यांची गल्लत होते. संहितेत सैंधवाचं चूर्ण तोंडावर टाकायला सांगितलंय ते शुद्ध रक्त ओढत असताना गंधलोभाने सोडत नाही तेव्हा. गळल्यानंतरचं वमन (जळूला ओकवणं) ही वेगळी पायरी. ते तांदळाच्या कोंड्याने अंग चोळून, तोंडाला तेल-मीठ लावून, डाव्या हाताने शेपूट धरून उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीने हळूहळू तोंडाकडे दाबत करायचं. हे वेगळ्या ट्रेमध्ये, रुग्णापासून दूर. चेहऱ्यावर असताना काढायचीच झाली तर कार्डची पद्धत उत्तम, तिने शास्त्राला कुठे बाध येत नाही.

वमन नीट झालंय की नाही हे पाण्यात कळतं. पाण्यात सोडल्यावर खाद्य शोधत फिरली तर नीट वांत. तळाशी बसून हालत नसेल तर पोटात रक्त आहे, पुन्हा ओकवा. पोटात रक्त राहून कुजलं तर तिला इंद्रमद नावाचा रोग होतो आणि ती मरते. सात दिवस पुन्हा लावायची नाही.

पण तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर: चेहऱ्याला पुन्हा वापरू नका. वमन कितीही केलं तरी आतडं पूर्ण रिकामं होत नाही, आणि बरण्यांवरची चिठ्ठी पुसली, सहायक बदलला, दोन बरण्या शेजारी राहिल्या की एकाची जळू दुसऱ्याला लागते. हिपॅटायटिससाठी एवढं पुरेसं आहे. पायाच्या व्रणाला त्याच रुग्णाची जळू ठेवणारी क्लिनिकं आहेत, मला तेही आता योग्य वाटत नाही. एक जळू, एक रुग्ण, एक वेळ. खर्च वाढतो तो बिलात स्पष्ट लिहा.

जलौका_संगोपन

जळू न चावण्याची निम्मी कारणं रुग्णात नसतात, तुमच्या भांड्यात असतात, म्हणून थोडं सविस्तर.

नळाचं पाणी थेट कधीही नको, क्लोरीनने अंगाचा चिकटा जातो आणि दोन-तीन दिवसांत मरतात. उघड्या बादलीत किमान २४ तास, शक्यतो ४८ तास ठेवून मग वापरा. पालिका क्लोरामाइन घालत असेल तर नुसतं ठेवून भागत नाही, मत्स्यालयाच्या दुकानातलं डीक्लोरिनेटर लागतं. आरओचं पाणीही नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात, पाणी शरीरात शिरून जळू फुगते, मलूल होते. परदेशातले पुरवठादार ऊर्ध्वपातित पाण्यात मोजून क्षार घालायला देतात ते यासाठीच. विहिरीचं, फवारणीपासून दूरचं पाणी सगळ्यात चांगलं.

भांडं मातीचं. बाहेरून पाणी पाझरतं म्हणून आत गार राहतं, अंधारही मिळतो. काचेची बरणी असेल तर काळा कपडा गुंडाळा. तापमान २० ते २५ अंश, उन्हाळ्यात सांगली-मिरजेकडे ओल्या गोणपाटावर मडकं ठेवावं लागेल. तोंडाला दाट विणीचं मलमल, वर दोरीचे दोन वेढे. जाळीदार कापड चालत नाही, बोटाएवढी जळू सुतळीएवढी बारीक होऊन निघून जाते. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, भांडं आठवड्याने. सुश्रुतानेही हेच अंतर सांगितलंय. भांडं घासायला साबण नको, मीठ तर नकोच, गरम पाणी आणि काथ्या. एक मेली की तासाभरात काढा, नाहीतर ते पाणी बाकीच्यांना संपवतं.

लावायची जळू उपाशी हवी. एकदा पोटभर प्यायलेली जळू कित्येक महिने काही न खाता राहते, आणि तोवर तिला चावण्यात रस नसतो. पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच: शेवटचं खाद्य कधी आणि कशाचं? तळ्यातून, म्हशींच्या पायांवरून उचलून त्याच आठवड्यात विकणारे आहेत. त्यांच्या जळवांच्या पोटात जनावराचं रक्त असतं. तलावाच्या जळवा आल्या तर स्वतंत्र भांड्यात निदान तीन महिने ठेवा, पाणी बदलताना रोगट काढत जा. चेहऱ्यासाठी मात्र नियंत्रित पैदाशीच्याच घ्या. आंबोलीसारख्या पावसाळी जंगलात पायाला लागणारी जमिनीवरची जळू ही वेगळीच जात आहे, ती उपचाराची नाही.

हाताला हँडवॉश, सॅनिटायझर, अत्तर असताना पाण्यात हात घालू नका. कुरिअरने आलेल्या जळवा आल्या दिवशी लावू नका. आठवडाभर तरी तुमच्या पाण्यात रुळू द्या.

मिरज_क्लिनिक

फारच उपयोगी, सर्वांचे आभार. वांग आणि डोळ्यांखाली लावायची नाही हे पक्कं ठरवलं. अजून तीन गोष्टी. चेहऱ्याला बँडेज नीट बसत नाही, रात्री रक्त झिरपत राहिलं आणि रुग्णाचा फोन आला तर काय सांगायचं? मेलेली किंवा वापरलेली जळू कोणत्या पिशवीत? आणि जळूचं तेल, जळूच्या अर्काची क्रीम विकणारे प्रतिनिधी येतात, ती सुरक्षित पर्याय म्हणून द्यावीत का?

प्लास्टिक_ओटी

एक जळू साधारण ५ ते १५ मिलि पिते आणि नंतर जखमेतून तेवढंच, कधी त्याहून जास्त झिरपतं. सहा ते बारा तास झिरपणं अपेक्षित, चोवीस तासही चालतं. लाळेतल्या हिरुडिनने थ्रॉम्बिन अडवलेलं असतं आणि कॅलिन या लाळेतल्याच दुसऱ्या प्रथिनामुळे प्लेटलेट चिकटत नाहीत, म्हणून टिपून टिपून थांबत नाही, उलट आलेली गुठळी निघते. घट्ट घडी केलेला गॉज ठेवून, डोकं वर करून, घड्याळ लावून २० मिनिटं न उचलता दाबायचं. मधेच उचलून पाहिलं तर पुन्हा पहिल्यापासून. नंतर त्याच गॉजवर मायक्रोपोअर पट्टी. झोपताना दोन उशा, उशीवर जुना टॉवेल, दंशाची बाजू वर.

क्लिनिकमधून सोडण्याआधी तासभर बसवून ठेवा. तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर, धडधड असेल किंवा चोवीस तासांनंतरही वाहत असेल तर रुग्णालयात पाठवा. तिथे रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडमध्ये भिजवलेला गॉज, नाहीच थांबलं तर एक टाका. हा टाका घालू शकणारा सर्जन कोण, हे जळू लावण्याआधी ठरलेलं हवं, त्याचा नंबर रुग्णाच्या कागदावर लिहिलेला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली पसरली, वास येणारा स्राव आला, ताप आला तर एरोमोनास समजून त्याच दिवशी पाठवायचं.

जळू थेट ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकली तर ओकते. आधी ८-१० टक्के अल्कोहोलच्या पाण्यात, हालचाल थांबली की ७० टक्क्यात. मग रक्ताच्या कापसाबरोबर जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. कापलेल्या सिरिंजची नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात. ओढ्यात, विहिरीत सोडणं बंद करा, ती माणसाचं रक्त पोटात घेऊन जाते.

त्वचाविकार_ठाणे

तेल आणि क्रीमबद्दल. हिरुडिन ६५ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे, वजन सुमारे ७००० डाल्टन. अखंड त्वचेतून ५०० डाल्टनच्या आसपासचेच रेणू सहज आत जातात. जळू चावून ते आत सोडते म्हणून काम होतं. वरून चोळून तसं होणार नाही. तेलात उकळलेल्या जळवांचं तर विचारूच नका, त्यात काय किती आहे हे बाटलीवर लिहिलेलंच नसतं. मुरुमांच्या चेहऱ्याला तेलाने छिद्रं बंद होऊन मुरूम वाढतात ते वेगळंच. देऊ नका. आणि त्वचा गोरी करण्याचा किंवा टकलावर केस आणण्याचा दावा बाटलीवर असेल तर औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये अशा दाव्यांना मनाई आहे, प्रतिनिधीला तेवढं दाखवा.

शल्यतंत्र_पुणे

एक राहिलं. घरी गेल्यावर दंशावर हळद दाबा असं आपण सगळेच सांगतो. चेहऱ्यावर स्वयंपाकघरातली हळद नको, तिचे कण जखमेत बसतात आणि पिवळी छटा दिवसेंदिवस जात नाही. बारीक वस्त्रगाळ केलेलं यष्टिमधु (ज्येष्ठमध) चूर्ण क्लिनिकमध्येच लावा, रक्त थांबल्यावर शतधौत घृत (पाण्याने शंभर वेळा धुतलेलं तूप). घरी काही लावायचं असेल तर तेच घृत, कापसाने, दिवसातून दोनदा. प्रत्येक बैठकीआधी आणि सात दिवसांनी त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढा. दुसऱ्या बैठकीचा निर्णय रुग्णाच्या आग्रहावर नाही, त्या दोन फोटोंवर घ्या.

मिरज_क्लिनिक

ठरलं. फक्त दुखऱ्या, खोल मुरुमांना, तपासण्या झाल्यावर, एक जळू, सकाळी नऊ ते दहा. मिरजेतल्या एका सर्जनशी उद्याच बोलून घेतो, त्यांचा होकार आल्याशिवाय पहिला रुग्ण घेत नाही.